पुण्यात पर्जन्यजल पुनर्भरणासाठी मिळकतकरात सवलत: अर्ज नेमका कुठे अडतो

पुणे महापालिका निवासी मिळकतींना मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात पर्यावरणपूरक सवलत देते. पर्जन्यजल पुनर्भरण (पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे), सौरऊर्जा आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. नियम एवढाच आहे, तरीही सोसायट्यांचे अर्ज परत येतात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी.

आधी एक गैरसमज दूर करू. ही सवलत पूर्ण बिलावर मिळत नाही. बिलात सर्वसाधारण कराची वेगळी ओळ असते, टक्केवारी फक्त त्या ओळीवर लागते. पूर्ण रकमेचा हिशोब करून सभेत सांगितला की पुढच्या वर्षी सभासद सचिवांना धारेवर धरतात. तेव्हा खरा आकडा आधीच सांगा, आणि सोबत पाण्याचाही हिशोब मांडा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर तो २ लाख ८० हजार लिटर होतो. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी दहा हजार लिटरचे बावीस टँकर उरतात. खरा फायदा तिथे आहे.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. ‘बिल्डरने रेन वॉटर हार्वेस्टिंग केलेले आहे, म्हणजे आम्ही पात्र.’ राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२०) ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, आणि ते चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे. म्हणून मंजूर नकाशावर पाणी मुरवण्याचा खड्डा दाखवलेला असतोच. प्रत्यक्षात मात्र गच्चीचा पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला सापडतो, किंवा खड्ड्यात बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो. पाहणीला आलेला कर्मचारी नकाशा नव्हे, पाइप कुठे जातो ते पाहणार. कृपा करून अर्जाआधी स्वतः बघा. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि खाली ते कुठे निघते ते तपासा.

आता कागदांकडे येऊ. सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, कराचे चालू बिल, समितीचा ठराव आणि सही-शिक्क्याचा अर्ज यांत सहसा अडचण येत नाही. अडते ते भोगवटापत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला परवाना) आणि मंजूर नकाशाच्या प्रतीपाशी. जुन्या सोसायट्यांकडे हे कागद नसतातच. बिल्डरने दिलेले नसतात, आणि आता तो फोन उचलत नाही. ज्या महापालिकेने नकाशा मंजूर केला, तिच्याच एका विभागाला द्यायची प्रत दुसऱ्या विभागाकडून नागरिकाने पळापळ करून आणायची, याचे समर्थन करता येत नाही. पण त्या रागात अर्ज सोडून देऊ नका. बांधकाम विभागाकडे नकलेसाठी लेखी मागणी करा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. म्हणजे ही तयारी पावसाळ्याच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी.

ज्यांनी स्वतः नवीन शोषखड्डा किंवा बोअर पुनर्भरण (गाळलेले पावसाचे पाणी बोअरमध्ये सोडणे) केले आहे, त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे काम चालू असतानाचे फोटो. खड्डा खणलेला, दगड-खडी-वाळूचे थर टाकताना, जाळी बसवताना, पाइप जोडताना, प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. एकदा झाकण बसले की आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि मग ‘प्रकल्पाची खातरजमा होत नाही’ असा शेरा पडतो. ठेकेदाराचे बिल सोसायटीच्या नावाने घ्या, त्यात कामाचे वर्णन लिहून घ्या. ‘प्लंबिंगचे काम’ एवढ्या दोन शब्दांचे बिल काही सिद्ध करत नाही.

पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह आणि फिल्टर हे दोन्ही हवेतच. कोणी पाहणीत विचारो न विचारो, गच्चीवरची घाण थेट बोअरमध्ये गेली तर शेजाऱ्यांचेही पाणी नासते. आणि पुण्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. जिथे मुरूम किंवा भेगा आहेत तिथेच पाणी मुरते. उन्हाळ्यात बोअरमध्ये टँकर रिकामा करून पातळी किती वेगाने उतरते ते पाहा, मगच पैसे खर्च करा.

सोसायटीचा प्रकल्प एक असला तरी मिळकतकराची खाती सदनिकेनुसार वेगळी असतात. सगळ्यांचे मिळकत क्रमांक, बिलावरील नाव आणि सदनिका क्रमांक यांची यादी अर्जाला जोडा. एक आकडा चुकला तरी त्या घराची सवलत अडकू शकते, म्हणून यादी दोघांनी ताडून पाहावी.

तारखांचा गोंधळ तर दरवर्षीचा. मे-जूनमधली मुदत बिल वेळेत भरणाऱ्यांच्या सवलतीची आहे: वार्षिक करपात्र रक्कम (ज्या रकमेवर कर आकारला जातो ती) २५ हजारांपर्यंत असेल तर सर्वसाधारण करात १० टक्के, त्यापुढे ५. काही वर्षी ही मुदत वाढवलीही गेली. पर्यावरणपूरक सवलत त्याहून वेगळी आहे. अर्ज मंजूर होईल म्हणून बिल थांबवून ठेवू नका, नाहीतर हातातली सवलत जाते आणि वर दंडही लागतो. तसेच पीटी-३ अर्ज स्वतः राहत असलेल्या घराच्या ४० टक्के सवलतीचा आहे. त्यात शोषखड्ड्याचे फोटो जोडून काही होत नाही.

सवलत एकदा लागली की कायमची, असेही धरू नका. पाहणीत प्रकल्प बंद आढळला तर ती काढली जाते. मे महिन्यात गच्ची झाडून घ्या, वाळूचा वरचा थर बदला, जाळ्या साफ करा आणि त्याची नोंद सोसायटीच्या वहीत ठेवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना थोड्या तासांत कोसळणारा पाऊस म्हणजे काय हे सांगायला नको. तसा पाऊस खड्ड्यात पूर्ण मावणार नाही. म्हणून जादा पाण्याची वाट पावसाळी गटारात काढलेली असावी, मैलापाण्याच्या चेंबरमध्ये कधीच नाही.

अर्ज करआकारणी व करसंकलन विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पाहणीच्या दिवशी झाकण उघडून दाखवणारा माणूस हजर ठेवा. अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका, कारण लेखी मागा. त्रुटी कागदाची असेल तर तेवढा कागद जोडून त्याच आवक क्रमांकाच्या संदर्भाने पुन्हा दाखल करा.