काचेचा घुमट आणि टोपीभोवतीची फट

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये सगळंच चौकोनी, एकेक ब्लॉक म्हणजे एक मीटरचा ठोकळा, आणि तरीही खेळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी गोल घुमट बांधायची हुक्की येतेच. मलाही आली. बागेवर काचेचा घुमट, 21 ब्लॉक रुंद, तोही सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे वाळू खणण्यापासून सगळं आपणच करायचं. भट्टीत एक काच व्हायला 10 सेकंद लागतात आणि एका कोळशात 8 काचा होतात, त्यामुळे सहाशे काचा धरल्या तर एकाच भट्टीवर 100 मिनिटं आणि 75 कोळसे. (खऱ्या जगात नुसती वाळू वितळवायची तर 1700 अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून सोडा घालून ते खाली आणतात, आणि मग ती काच पाण्यात विरघळू नये म्हणून वर चुना. गेममध्ये ही भानगडच नाही.)

खरी गंमत वर्तुळात आहे. मधला ब्लॉक शून्य धरायचा आणि प्रत्येक ब्लॉकला विचारायचं, तू मध्यापासून किती लांब? शाळेतला पायथागोरस, बाकी काही नाही. मी त्रिज्या बरोब्बर 10 धरली आणि चारही बाजूंना एकेक ब्लॉक दातासारखा बाहेर आला, कारण 10 चा वर्ग 100 आणि शेजारच्या ब्लॉकचा हिशोब 100 अधिक 1, तो बाद. त्रिज्या 10.5 केली की मर्यादा 110.25 होते, मग 100 अधिक 9 चालतं, 100 अधिक 16 नाही, आणि एका दाताऐवजी सात ब्लॉकची सपाट कड मिळते. विचित्र वाटेल पण लांबून हेच जास्त गोल दिसतं.

आता वर चढायचं. प्रत्येक थरावर 110.25 मधून उंचीचा वर्ग वजा करायचा आणि उरलेल्याचं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत किती ब्लॉक मोजायचे ते कळतं: 10, 10, 10, 10, 9, 9, 8, 7, 6, 5, 3. नीट बघा, पहिले चार थर सरळ भिंतच! घुमट खाली जवळजवळ उभा असतो आणि माथ्याजवळ झपकन आडवा होतो. मी शेवटून दुसऱ्या थरावर पाचवर एकच कडं लावलं, वर 37 काचांची टोपी बसवली, आणि मधल्या चौथ्या ब्लॉकवर कुणी नाहीच. रात्री पाऊस आला तर टोपीभोवती गोल पाणी पडतंय आणि आतली गाजरं भिजतायत.

बरं, टोपी बसवायला मधोमध मातीचा खांब केला होता, तो तर आधीच काढून टाकला होता. म्हणजे टोपी चक्क हवेत. एक घनमीटर काचेचं वजन साधारण अडीच टन, 37 ब्लॉक म्हणजे नव्वद टनांहून जास्त काच कशालाही न टेकता लटकलेली, आणि गेमला त्याचं काहीच नाही! तिथे वाळू नि खडी खाली पडते, काच नाही.

खऱ्या घुमटात याच्या उलट, सगळा खेळ वजनाचाच. अर्धगोल पातळ घुमटाची आडवी कडी स्वतःच्याच भाराने माथ्याजवळ दाबली जातात, पण माथ्यापासून साधारण 52 अंश खाली गेलं की कडी बाहेर ताणली जायला लागतात, बुड फाकतं. काच दाब बऱ्यापैकी सोसते, ताण मात्र फारच कमी, पृष्ठभागावरच्या बारीक चिरांपासून ती तडकत जाते. म्हणून खरे काचेचे घुमट म्हणजे धातूचा सांगाडा आणि त्यात बसवलेली तावदानं. वीटकामाचंही तसंच, विजापूरचा गोलघुमट बाहेरून साधारण 44 मीटर व्यासाचा आहे आणि त्या घुमटाची जाडी तळाशी तीनेक मीटर, ती काही हौस म्हणून नव्हे.

माझ्या घुमटाला एवढं काही लागलं नाही. शेवटून दुसरा थर आतून एक ब्लॉक जाड केला, फट बुजली. एक काच चुकून फोडली, आणि हत्यारावर सिल्क टच ही गेममधली जादू नसेल तर फोडलेली काच परत मिळत नाही, म्हणून पुन्हा वाळू, पुन्हा भट्टी. आता पाऊस आत येत नाही. रात्री कोळी मात्र भिंतीवरून वर चढतात आणि त्यांची पोटं खालून स्वच्छ दिसतात.