आधी सल्ला, मग लिलाव : अमेरिकेतल्या गृहसमुपदेशनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत घराचे हप्ते थकले किंवा भाडं तुंबलं, तर सरकारमान्य संस्थेतल्या समुपदेशकाकडे जाता येतं आणि घर वाचवायच्या सल्ल्याचे पैसे सहसा पडत नाहीत. ही व्यवस्था कुणी ठरवून, आखणी करून उभी केली असं वाटेल. तसं झालेलं नाही. दर वेळी आधी घरं गेली आणि मग सल्लागार आला.

1 ऑगस्ट 1968 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गृहनिर्माण आणि नगरविकास कायद्यावर सही केली. त्यातल्या कलम 235 चा गाजावाजा मोठा होता. गरीब कुटुंबानं अगदी 200 डॉलर भरून घर घ्यावं आणि सरकारनं व्याजाचा इतका भार उचलावा की कर्ज 1 टक्का दरानं पडावं, अशी ही योजना. त्याच कायद्याच्या कलम 106 मध्ये या नवख्या मालकांना खर्चाची आखणी आणि घराची देखभाल शिकवायची तरतूद होती. अधिकार दिला, पण सुरुवातीला त्यासाठी पैसा जवळपास दिलाच नाही.

परिणाम डेट्रॉइटमध्ये दिसला. दलालांनी मोडकळीला आलेली घरं पडेल भावात घेतली, वरवर रंग फासला, किंमत ठरवणाऱ्यांचे हात ओले केले आणि ती गरिबांच्या गळ्यात मारली. फसलेल्यांत एकट्यानं संसार ओढणाऱ्या कृष्णवर्णीय बायका पुष्कळ होत्या. हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी बंद पडली की दुरुस्ती करायची की हप्ता भरायचा, असा पेच. कर्जाला सरकारी विमा असल्यामुळे सावकाराला मात्र घोर नव्हता. हजारो ओसाड घरं शेवटी सरकारच्याच अंगावर आली आणि जानेवारी 1973 मध्ये निक्सन प्रशासनानं अनुदानाच्या योजना थांबवल्या.

खरा धडा मिळाला तो पेनसिल्व्हेनियात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्ग परिसरातले पोलादाचे कारखाने बंद पडू लागले. वर्षानुवर्षं वेळेवर हप्ते भरणारे कामगार एकाएकी थकबाकीदार झाले. जप्त घरांचा लिलाव करणं हे तिथल्या शेरीफचं, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याचं काम. पण जानेवारी 1983 मध्ये शेरीफ यूजीन कून यांनी बेकार कामगारांची घरं लिलावाला काढायला नकार दिला. त्याच वर्षी राज्यानं ‘अ‍ॅक्ट 91’ हा कायदा केला. त्यानुसार सावकाराला जप्तीचा दावा लावण्याआधी एक ठरावीक नोटीस पाठवावी लागते आणि त्या नोटिशीसोबत जिल्ह्यातल्या समुपदेशन संस्थांची यादी जोडावी लागते. कर्जदार महिनाभरात समुपदेशकाला भेटला की सावकाराचे हात काही काळ बांधले जातात. तेवढ्यात समुपदेशक राज्याच्या गृहवित्त संस्थेकडे अर्ज पाठवतो. अर्ज मंजूर झाला तर तुंबलेले हप्ते राज्य भरतं, तेही कर्ज म्हणून. परिस्थिती सुधारली की फेडायचं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच: सल्ला चालू असेपर्यंत जप्ती थांबते. 1987 च्या केंद्रीय कायद्यानंही थकबाकीदाराला समुपदेशनाची माहिती देणं सावकारावर बंधनकारक केलं, पण त्यानं जप्ती थांबत नव्हती. बँकेच्या लखोट्याला भिऊन तो न फोडताच ठेवणाऱ्या माणसाला असल्या माहितीपत्रकाचा काय उपयोग?

2007 च्या सुमारास गृहकर्जांचा फुगा फुटला. डिसेंबर 2007 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, जप्ती टाळण्याच्या समुपदेशनासाठी 18 कोटी डॉलर मंजूर केले आणि त्यांचं वाटप नेबरवर्क्स या संस्थेकडे सोपवलं. या संस्थेची मुळंही पिट्सबर्गमध्येच आहेत. 1960 च्या दशकात डोरोथी मे रिचर्डसन या रहिवासी बाईंनी आपल्या वस्तीत बँकांना कर्ज द्यायला भाग पाडलं, त्या चळवळीतून ती वाढली.

पेनसिल्व्हेनियातल्याच फिलाडेल्फिया शहरानं मात्र जुनाच डाव नव्यानं मांडला. 2008 मध्ये नगरपरिषदेच्या ठरावानंतर शेरीफनं लिलाव थांबवले. पाठोपाठ न्यायालयानं हुकूम काढला की मालक स्वतः राहत असलेलं घर विकण्याआधी बँक आणि कर्जदार यांनी समोरासमोर बसलंच पाहिजे. न्यायाधीश अ‍ॅनेट रिझो यांच्या देखरेखीखाली सिटी हॉलच्या 676 क्रमांकाच्या दालनात दर गुरुवारी या बैठका भरत. एका बाजूला बँकेचा वकील, दुसऱ्या बाजूला कर्जदार आणि त्याच्याशेजारी समुपदेशक. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि घरखर्चाचा तक्ता आधीच तयार. बँकांनी कागद ‘मिळालेच नाहीत’ म्हणून पुन्हापुन्हा मागवायचे, हे त्या काळातलं नेहमीचं रडगाणं होतं. त्यामुळे फॅक्स गेल्याची पावती जपून ठेवणं हेही समुपदेशकाचं एक काम होऊन बसलं. जे येत नसत त्यांच्यासाठी मोहल्ल्यातल्या संस्थांची माणसं दारोदार फिरत. सरकारी योजनेत दार ठोठावण्याचा खर्च धरलेला असावा, हे मला विशेष वाटतं.

पैशाचं गाडं मात्र कधी सुरळीत चाललं नाही. 2010 च्या डॉड-फ्रँक या वित्तसुधारणा कायद्यानं समुपदेशनासाठी केंद्रात स्वतंत्र कार्यालय काढलं आणि समुपदेशकांना परीक्षा सक्तीची केली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या गृहनिर्माण खात्यातली समुपदेशनाची 8.75 कोटी डॉलरची तरतूद शून्यावर आली. पेनसिल्व्हेनियाच्या मदत योजनेलाही 2011 मध्ये नवे अर्ज घेणं बंद करावं लागलं. दोन्ही नंतर सुरू झाल्या, पण तोवर अनुभवी माणसं पांगली होती.

भाडेकरूंची पाळी फार उशिरा आली. न्यूयॉर्क शहरात 2013 च्या सुमारास घर खाली करण्याच्या दाव्यांत वकील असलेले भाडेकरू जेमतेम 1 टक्का होते. घरमालकांकडे मात्र बहुतेक वेळा वकील असायचा. 2017 मध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला वकील मिळण्याचा हक्क देणारं न्यूयॉर्क हे देशातलं पहिलं शहर ठरलं. मग कोविड आला. केंद्रानं दोन टप्प्यांत 46 अब्जांहून अधिक डॉलर भाडेमदतीसाठी दिले. फिलाडेल्फियानं 2020 मध्ये ठरवलं की भाडं थकलं म्हणून घरमालकानं थेट कोर्टात जायचं नाही, आधी मध्यस्थीला बसायचं, आणि भाडेकरूच्या बाजूनं तिथं समुपदेशक असेल. भाडेमदतीचा पैसाही याच टेबलाशी जोडला. 1983 चीच युक्ती, या वेळी भाडेकरूंसाठी.

शेजारच्या न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत, 2009 पासून न्यायालयाची अशीच मध्यस्थी योजना आहे. भारतात रिझर्व्ह बँकेनं 2009 मध्ये बँकांसाठी कर्ज-समुपदेशन केंद्रांचा आराखडा दिला, पण तिथं जाण्यानं जप्ती थांबत नाही. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांना तारण ठेवलेलं घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, बँक 60 दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत कर्जदारानं लेखी हरकत घेतली, तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ती हरकत लिहायला मदत करणाऱ्या संस्थांची यादी, अ‍ॅक्ट 91 च्या नोटिशीसोबत असते तशी, जोडण्याची सक्ती मात्र या कायद्यात नाही.