अनोळखी इंग्रजी शब्द कानात कसा रुजतो

बॅडली, पापान्यो आणि व्हालार या संशोधकांनी 1988 साली एका इटालियन बाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. शास्त्रीय लिखाणात ती ‘पी. व्ही.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मेंदूला झालेल्या इजेमुळे ऐकलेले आवाज क्षणभर मनात धरून ठेवणं तिला जमत नसे. बाकी बुद्धी शाबूत होती. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या तिनं इतरांसारख्याच पाठ केल्या. पण इटालियन शब्दासोबत त्याचा रशियन प्रतिशब्द ऐकवला, की तो काही केल्या तिच्या लक्षात राहीना. अर्थ तर तिला ठाऊकच होता. अडत होतं ते नव्या आवाजापाशी.

आपण मात्र आवाज सोडून अर्थाच्याच मागे लागतो. अवघड शब्द दिसला की कोश उघडायचा, अर्थ वाचायचा आणि उच्चारावरून नजर सरकवून पुढे जायचं. माझ्या मते शब्द निसटतो तो इथेच. अर्थ टांगायला खुंटी लागते, आणि ती खुंटी म्हणजे शब्दाचा आवाज.

इंग्रजीत हा आवाज स्पेलिंगवरून कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. 1476 च्या सुमारास कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली आणि स्पेलिंग हळूहळू गोठू लागलं. दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र त्याच काळात बदलत होते आणि पुढेही बराच काळ बदलत राहिले. ‘कर्नल’ची कथा तर आणखी वेगळी. या शब्दाची ‘र’ असलेली आणि ‘ल’ असलेली अशी दोन्ही रूपं प्रचारात होती; लिहिताना ‘ल’ टिकला, बोलताना ‘र’.

तरीही अनवट शब्दांत एक शिस्त सापडते, आणि ती सापडली की फार आनंद होतो. ई-पी-आय-टी-ओ-एम-ई हा शब्द ‘एपिटोम’ असा वाचावासा वाटतो. खरा उच्चार ‘इपिटमी’, जोर ‘पि’वर. शेवटचा ‘ई’ बोलायचा, कारण शब्द ग्रीकमधून आलेला आहे. ‘कटॅस्ट्रफी’ आणि ‘अपॉस्ट्रफी’ आपण बरोबर म्हणतोच. ‘इपिटमी’ आणि अतिशयोक्ती या अर्थाचा ‘हायपर्बली’ त्यांचीच भावंडं. चारही शब्दांत चार उच्चारखंड, चारही ठिकाणी आघात, म्हणजे जोर, दुसऱ्या खंडावर. ‘इपिटमी’च्या पोटात ‘कापणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे. ग्रंथ कापून केलेला सारांश हा त्याचा जुना अर्थ. त्यावरून पुढे एखाद्या गुणाचा मूर्तिमंत नमुना. ‘अ‍ॅटम’ म्हणजे न कापता येणारा, ‘अनॅटमी’ म्हणजे कापून पाहणं. धातू तोच.

लॅटिनचंही तसंच. ‘पेने’ म्हणजे जवळजवळ. जवळजवळ बेट ते ‘पेनिन्सुला’, जवळजवळ शेवटचा तो ‘पेनल्टिमेट’, जवळजवळ सावली ती ‘पेनंब्रा’, म्हणजे ग्रहणातली उपच्छाया. इथेही आघात दुसऱ्याच खंडावर. आघात नसलेले स्वर इंग्रजीत बहुधा आखूड, ‘अ’सारखे होतात. म्हणून ‘फोटोग्राफ’मधला ‘फो’ ‘फटॉग्रफर’मध्ये ‘फ’ होऊन बसतो. आघाताची जागा चुकली, तर सगळे स्वर बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द ओळखणं अवघड जातं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरणाऱ्या कोशांत आघाताची छोटी उभी रेघ असते. ती ज्या खंडाच्या आधी येते, त्या खंडावर जोर.

आता पाठांतराबद्दल थोडं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून दाखवून दिलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तेव्हा कोश मिटायचा, स्पेलिंगकडे पाहून शब्द मोठ्यानं म्हणायचा, मग अर्थ आठवायचा आणि शेवटी कोश उघडून ताडून पाहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी. मनातल्या मनात म्हणू नये. चुकीचा आघात स्वतःच्या कानाला खटकावा लागतो.