दौलतजादा, आपली आवड आणि सुपर चॅट

रात्री अकराची कल्याण स्लो. समोरच्या सीटवर विशीतला एक मुलगा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, मोबाइलवर कुणाचा तरी बीजीएमआय या मोबाइल गेमचा लाइव्ह. भांडुप गेल्यावर त्याने ४० रुपये भरले, चार शब्द टाइप केले आणि श्वास धरून स्क्रीनकडे बघत बसला. मिनिटभराने शेजारी पेंगणाऱ्या मित्राला त्याने कोपराने ढोसलं, एक इअरफोन त्याच्या कानात कोंबला आणि म्हणाला, "ऐक, ऐक, माझं नाव घेतलं."

पैसे भरून लाइव्हमध्ये आपला संदेश उठून दिसेल असा पाठवायच्या यूट्यूबच्या या सोयीला सुपर चॅट म्हणतात. खेळ तर फुकट दिसत होता. मग हे ४० रुपये कशाचे? याचं उत्तर यूट्यूबच्या बरंच आधी सुरू होतं, आणि मराठी माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

तमाशात आणि संगीतबारीत दौलतजादा असायचा. रसिकाने नोट पुढे करायची, आवडीची लावणी सांगायची आणि सगळ्या बैठकीसमोर आपल्या नावाचा पुकारा ऐकायचा. लावणी सगळेच ऐकत, पण ती कुणाच्या फर्माईशीने सुरू झाली हे सगळ्यांना कळलेलं असे. गावाकडून गिरणीत आलेल्या कामगारांसोबत ही रसिकता मुंबईतही आली. लालबागचं हनुमान थिएटर तर तमाशासाठीच ओळखलं जायचं. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला चारचौघांत नावाने ओळखलं जाणं किती मोलाचं वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग रेडिओ आला. १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ती ध्वनिमुद्रित व्हायची मुंबईत आणि वाजायची कोलंबोहून. १९५७मध्ये विविध भारती आली. आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जात. गिरगावात राहणारी माझी मावशी त्यासाठी पोस्टकार्डं टाकायची. तिचं नाव लागलं तेव्हा ती नळावर पाणी भरत होती. नाव तिने स्वतः ऐकलंच नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू गॅलरीतून ओरडत आल्या आणि त्यांनी सांगितलं. मावशीला त्याची कधी खंत वाटली नाही. सगळ्या चाळीने ऐकलं होतं ना!

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नाव आपल्या कानावर पडण्यापेक्षा ते आपल्या माणसांच्या कानावर पडणं मोठं असतं. लोकलमधल्या मुलानेही नाव ऐकताच पहिल्यांदा मित्राला उठवलं होतं.

पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या नात्याकडे अभ्यासकांचं लक्ष १९५६मध्येच गेलं होतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी मांडलं की रेडिओ-टीव्हीवरचा निवेदक आपल्याशीच बोलतोय असं प्रेक्षकाला वाटू लागतं, आणि ओळख नसतानाही तो त्याला जवळचा वाटतो. पण ते नातं एकतर्फी होतं. प्रेक्षक निवेदकाला ओळखायचा, निवेदक प्रेक्षकाला नाही. लाइव्हने नेमकी इथेच फट पाडली.

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कॅन नावाच्या तरुणाने टोपीला कॅमेरा लावून आपलं दिवसरात्रीचं जगणं जस्टिन डॉट टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. त्यातूनच २०११मध्ये गेमिंगसाठी ट्विच निघालं, आणि २०१४मध्ये अ‍ॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतलं. पैशांची खरी युक्ती मात्र पूर्वेकडची आहे. दक्षिण कोरियात आफ्रिकाटीव्हीवर २००७पासूनच प्रेक्षक 'स्टार बलून' नावाची आभासी भेट विकत घेऊन सादरकर्त्याला देऊ लागले होते. यूट्यूबचा सुपर चॅट २०१७चा. त्यात रक्कम जितकी मोठी, तितका संदेशाचा रंग भडक आणि तितका जास्त वेळ तो वर टांगलेला. सगळ्यात महागडा पाच तासांपर्यंत. रकमेतला साधारण ३० टक्के वाटा यूट्यूबचा. बैठकीतला पुकारा तसाच राहिला, फक्त मधला हिस्सा घेणारा बदलला.

आपल्याकडे २०१६ हे वर्ष निर्णायक ठरलं. त्या वर्षी यूपीआय आलं आणि जिओमुळे डेटा स्वस्त झाला. क्रेडिट कार्ड नसलेल्या मुलालाही ४० रुपये एका पिनवर देता येऊ लागले. २०१८मध्ये पबजी मोबाइल आला आणि मुंबईचा आदित्य सावंत, म्हणजे 'डायनॅमो', याचं 'पट्ट से हेडशॉट' शाळाशाळांत ऐकू येऊ लागलं. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, पण लाइव्ह बघायची लागलेली सवय सुटली नाही. त्याच वर्षी टाळेबंदीत विनोदवीर समय रैनाने बुद्धिबळाचे लाइव्ह सुरू केले. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात येऊ लागला आणि घरी अडकलेल्या प्रेक्षकांनी मदतनिधीसाठी पैसे दिले. ही तर थेट वर्गणी! मंडळाची पावती फाडताना आपण मूर्ती विकत घेत नाही. गणपती आपल्या गल्लीचा आहे, म्हणून देतो. वर्षभर फुकट हसवणाऱ्या किंवा खेळ शिकवणाऱ्याला पैसे देणाऱ्यांत मला हीच भावना सर्वांत जास्त दिसते.

२०१८मध्ये ट्विचच्या प्रेक्षकांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. २,२२७ जणांच्या पाहणीत करमणूक आणि माहिती ही कारणं तर निघालीच, पण त्यांच्यासोबत गप्पा, आपण एका गटातले असल्याची भावना, नवी माणसं भेटणं आणि प्रत्यक्ष आयुष्यात आधार कमी असणं हीही होती. पाचशेहून कमी प्रेक्षकांचे चॅनल पसंत करणाऱ्यांत ही सामाजिक ओढ जास्त होती. हे पटण्यासारखं आहे. लाखाच्या गर्दीत चॅट डोळ्यांसमोरून वाहून जातं, साठ जणांच्या लाइव्हमध्ये "काय रे, परीक्षा कशी गेली?" असं विचारणारा कुणीतरी असतो. दहा बाय बाराच्या खोलीत चौघांत झोपणाऱ्या मुलालाही आपली विचारपूस हवी असते, आणि ती फोनवर मिळत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

दौलतजाद्याची काळी बाजूही सोबत आली आहे. नोट पुढे करणाऱ्या अनेकांना वाटायचं की लावणीसोबत बाईही आपल्या शब्दात आली. फडावरच्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. आज लाइव्ह करणाऱ्या मुलींच्या चॅटमध्ये रंगीत पट्टीत जे लिहून येतं, त्यात तोच हक्क बोलत असतो. दिलेले पैसे कौतुकाचे की मालकीचे, हे देणाऱ्याच्या पुढच्या वाक्यातच कळतं.

आणि पैशांशी काहीच संबंध नसलेली एक जागा. गणपतीत लालबागच्या राजाचं थेट दर्शन चालू असतं तेव्हा चॅटकडे बघा. लोक स्वतःचं नाव लिहितात, गावाचं नाव लिहितात, कुणी आजारी आईचं नाव लिहितं. ती नावं कुणी वाचून दाखवत नाही. दोन सेकंदांत ती वर सरकून दिसेनाशी होतात आणि खालून नवी येत राहतात.