‘मजबूत’ हातमोजा कशापुढे मजबूत?

नागपुरात इतवारीतल्या लोहाओळीत हातमोजे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचं वाक्य ठरलेलं असतं: “भाऊ, मजबूत पाहून द्या.” पण मजबूत कशापुढे? धारेपुढे, आगीपुढे की ऑइलपुढे?

हिंगणा एमआयडीसीत पत्राकाम करणाऱ्यांच्या हातात करड्या रंगाचे, तळव्यावर लेप असलेले मोजे दिसतात. त्यातला धागा बऱ्याचदा एचपीपीई असतो. म्हणजे आपल्या पिशव्यांचंच पॉलिथिन. फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब आणि ओढून एका दिशेला बसवलेल्या. म्हणून पात्याला तो दाद देत नाही. आगीपुढे मात्र लगेच मान टाकतो, 150 अंशांच्या आतच वितळतो. वेल्डिंगचे थेंब हजार अंशांच्या वर असतात, आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून बसतो. वेल्डरला चामड्याचे, मनगट झाकणारे मोजेच हवेत. तेही कोरडे! मे महिन्यात घामाने मोजा आतून भिजतो, आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता आत आणतं.

केव्हलार वितळत नाही. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये शोधलेला हा धागा चारशे अंशांच्या पुढे काळा पडून विघटित होऊ लागतो. पण त्याचा वैरी नागपुरात वर्षभर डोक्यावर असतो: ऊन. अतिनील किरणांनी त्याची ताकद घटत जाते, तेव्हा धुतलेले मोजे टिनावर वाळत घालू नका. ऑइल-ग्रीससाठी नायट्राइल हे कृत्रिम रबर घ्यावं, कारण साधं रबर तेलात फुगतं. अ‍ॅसिटोनपुढे मात्र नायट्राइलचंही चालत नाही.

मोज्यावर हातोड्याचं चित्र (घासणं-कापणं अशा धोक्यांसाठी तपासल्याची खूण) असेल तर खालचे आकडे वाचा: घासणं, कापणं, फाटणं, टोचणं, याच क्रमाने. शेवटचं ए ते एफ हे अक्षरही कापण्याचंच. ते नंतर जोडावं लागलं, कारण काही धागे इतके चिवट की तपासणीचं गोल पातंच बोथट व्हायचं! मला विचाराल तर पत्राकामाला हे अक्षर आधी पाहावं.

आणि ड्रिल मशीन? तिथे मोजा घालूच नये. एक धागा बिटमध्ये अडकला की हात ओढला जातो, आणि मोजा जितका न फाटणारा, तितका तो हात सोडत नाही. ओळखीच्या एका शेडमध्ये ड्रिलशेजारी भिंतीला खिळा ठोकलाय. भोक पाडायच्या आधी मोजे काढून तिथे अडकवायचे.