अपघात कामगाराचा, जबाबदारी कोणाची? कारखान्यातल्या सुरक्षेच्या कायद्यांची पार्श्वभूमी

आमच्या आजोबांच्या उजव्या तर्जनीची पुढची दोन पेरं नव्हती. इंदूरच्या एका कापड गिरणीत ते साच्यावर, म्हणजे मागावर, होते. परदेशीपुऱ्यातल्या खोलीत संध्याकाळी सुपारी कातरायला बसले की ते थोटं बोट अडकित्त्याला टेकवून धरायचे आणि मी हटकून विचारायचे, "आजोबा, बोट कसं गेलं हो?" उत्तर ठरलेलं. "माझीच चूक गं बाई. चालत्या पट्ट्याशी हात नेला." त्या पट्ट्याला जाळी का नव्हती, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही. हात बरा झाल्यावर गिरणीने परत कामावर घेतलं, याचे मात्र ते जन्मभर उपकार मानत राहिले.

ही १९५०च्या दशकातली गोष्ट. म्हणजे अशा अपघाताची भरपाई द्यायला लावणारा कायदा होऊन तेव्हा पाव शतकाहून जास्त काळ लोटला होता.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१चा. त्यामागे कामगारांचा कळवळा होता तसाच इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबावही होता. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. म्हणून इथल्या मालकांनी आणि बऱ्याच देशी वृत्तपत्रांनीही त्याला विरोध केला. कायदा तसा तोकडाच होता. शंभर किंवा जास्त माणसं असलेले, यंत्रशक्तीवर चालणारे कारखानेच त्यात आले. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावं, हे वाक्य मात्र तेव्हापासून आपल्या कायद्यात आहे.

पुढची ढकल खालून आली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांच्या मागणीपत्रात आठवड्याची सुट्टी होती आणि कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत वेतन मिळावं, हेही होतं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. जखमीच्या वेतनाची मागणी लोक विसरले. माझ्या मते त्या मागणीपत्रात सगळ्यांत पुढचा विचार तोच होता. त्याला कायद्याचं रूप यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

ते रूप म्हणजे १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तोवर इंग्रजी न्यायाची रीत अशी होती की धोका ओळखूनच माणूस कामाला लागतो, आणि सोबत्याच्या चुकीने लागलं तर मालकाचा संबंध नाही. नव्या कायद्याने प्रश्नच बदलला. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली का, एवढंच बघायचं. मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. दारू पिऊन काम करणं किंवा संरक्षक जाळी मुद्दाम काढणं असे काही अपवाद ठेवले. पण बेसावधपणे हात पुढे गेला, हा अपवाद नव्हे. आजोबांची 'माझीच चूक' कायद्याच्या लेखी भरपाईच्या आड येतच नव्हती. पुढे या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता आला: तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईच्या क्षमतेत ९ टक्के घट, दोन पेरं ११, अख्खं बोट १४. पहिल्यांदा तो वाचला तेव्हा मी ११च्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

इंदूरची गोष्ट थोडी निराळी. स्वातंत्र्याआधी ब्रिटिश हद्दीतले कायदे होळकर संस्थानात आपोआप लागू होत नसत. माळव्याचा कापूस हाताशी होता, गिरण्या वाढल्या, गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. कामाच्या जागी काय मिळेल, हे संस्थानावर आणि मालकावर अवलंबून राहिलं. यंत्राने कापलेलं बोट तरी दिसतं. रुईची धूळ दिसत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची खूण अशी की आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर गेला की त्याच दिवशी छाती सर्वांत जास्त दाटते. आमच्या चाळीत याला दमा म्हणत आणि विडीला दोष देत. हा रोगही पुढे भरपाईच्या यादीत आला, पण खोकला धुळीचा की विडीचा, हे ठरवणार कोण?

स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाना कायदा आला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. आठवड्याला ४८ तास, यंत्रांना कुंपण, डोळ्यांना संरक्षण, विषारी वायू असलेल्या बंद टाकीत उतरण्याआधीची खबरदारी असं सगळं एका जागी आलं. यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगारांपासून तो लागू होई. जबाबदारी कायद्याच्या भाषेत 'भोगवटादारा'वर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे त्याच्यावर. हा भोगवटादार कोण, यातच पुढची चाळीस वर्षं पळवाट होती. कंपन्या एखाद्या व्यवस्थापकाचं नाव पुढे करत.

ती वाट भोपाळनंतर बुजली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडमधून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळणारा वायू जाळणारी मशाल दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेली होती. तीनच वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. सावध व्हायला तेवढं पुरेसं होतं. एका माणसाच्या मरणाची दखल घेतली गेली नाही, म्हणून हजारो गेले, असं मी म्हणते आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायला तयार नाही.

१९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम, म्हणजे तीव्र गंधकाम्ल, गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितलं की घातक धंदा चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. १९८७ मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला. घातक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आलं. धोक्याची माहिती कामगारांना देणं बंधनकारक झालं आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो वर कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कंपनीचा भोगवटादार म्हणजे तिचा संचालकच, हेही ठरलं. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली.

भोपाळ आमच्यापासून लांब राहिलंही नाही. २०२५ च्या जानेवारीत त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा कंटेनरमधून इंदूरजवळच्या पीथमपूरला आला आणि लोकांच्या विरोधानंतरही जून संपेपर्यंत तिथे जाळला गेला.

आता जुने कायदे जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची संहिता लागू झाली आहे. मालकाने नेमणूकपत्र द्यायचं, जागा धोक्यापासून मुक्त ठेवायची, ठरवून दिलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी करायची. पूर्वी हजार कामगारांमागे सक्तीचा असलेला सुरक्षा अधिकारी आता पाचशेला, घातक कामात अडीचशेला सक्तीचा आहे. पण यंत्रशक्ती असेल तिथे 'कारखाना' ठरण्याची अट दहावरून वीस कामगारांवर गेली. दहा ते एकोणीस माणसांच्या जागेला सर्वसाधारण कर्तव्यं लागू राहतात. दहाच्या आतल्यांना सरकारने घातक म्हणून अधिसूचित केलं तरच.

गेल्या उन्हाळ्यात इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका शेडमध्ये गेले होते. आठ माणसं, तीन पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्याला ठोका मारून आकार देणारी यंत्रं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे हात डायच्या बाहेर राहतात. तिथे एक बटण तारेने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. पोरगा एका हाताने पत्रा सरकवत होता आणि दुसऱ्याने उरलेलं बटण दाबत होता, कारण पैसे नगावर. तार कोणी बांधली, असं विचारलं. तो हसून म्हणाला, "मीच, काकू."