१ नोव्हेंबरची रेघ

नोव्हेंबर लागला की यवतमाळ-वाशिमकडच्या तालुक्याच्या बँकांत हयातीच्या दाखल्याची गर्दी होते. शेतात कापूस फुटलेला, वेचणीला बाया मिळत नाहीत, तरी निवृत्त गुरुजी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सकाळीच बाकावर येऊन बसतात. शेजारी, नवऱ्यामागं कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या काकू. सोयाबीन पाण्यात गेलं तरी ही रक्कम येते. कित्येक घरांत पेरणीचं बियाणं त्यातूनच येतं.

या पेन्शनला आधार १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांचा. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता. माघारी कुटुंबाला साधारण ३० टक्के. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं डी. एस. नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. गंमत अशी, की पेन्शनरांत एका तारखेवरून केलेला भेदच त्या खटल्यात रद्द झाला होता.

पुढं तारीखच आली. केंद्रानं १ जानेवारी २००४ पासून सैन्यदलं वगळून नव्या नोकरदारांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लावली. महाराष्ट्रानं १ नोव्हेंबर २००५ ची रेघ ओढली: त्यानंतर रुजू झालेल्याला जुनी पेन्शन नाही. आपल्याकडं या नव्या योजनेला डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) म्हणत. पुढं ती राष्ट्रीय योजनेत गेली. पगारातून १० टक्के कपात, सरकारचा वाटा आधी तितकाच, नंतर १४. निवृत्तीला एरवी साठलेल्या रकमेतल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित मिळणारं उत्पन्न, घ्यायची. महिन्याला किती हातात पडेल, ते बाजार ठरवणार. एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर शिकवणारे दोन मास्तर, एकाचं म्हातारपण ठरलेलं, दुसऱ्याचं नाही.

खरा चटका बसला तो नव्या योजनेतल्या, नोकरीत असतानाच गेलेल्यांच्या घरांना. मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा कुठं ३१ मार्चच्या शासन निर्णयानं अशा कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय मिळाला. इतकी साधी गोष्ट, तिला सतरा वर्षं लागली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक दार किलकिलं झालं: भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल, तर रुजू नंतर झालेल्यालाही जुनी पेन्शन निवडता येईल, असं ठरलं. मग काय, गावोगावचे मास्तर ट्रंका उपसायला लागले, वीस वर्षांपूर्वीच्या पेपरातलं ते कात्रण शोधायला.